नीटताईंची आवराआवर

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नीटताईंचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर आहे. बाकी मोठ्या डॉक्टरांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना त्या नीटताई. ‘नीट ठेव’, ‘नीट बघ’, ‘आधी नीट ऐकून घे’ असं दिवसातून पन्नास वेळा तरी त्यांच्या तोंडून निघतं. हे नाव मी ठेवलं अशी दवाखान्यात अफवा आहे, आणि ती खरी आहे.

अकरा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसतो. दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी कॉम्प्युटरची खोली, तिच्यात काचेचं पार्टिशन आणि काचेपलीकडे दवाखान्याचं मोठं मशीन. ते तापू नये म्हणून खोली इतकी गार ठेवावी लागते, की बाहेर लोक घाम पुसत असताना आम्ही दोघं स्वेटर घालून बसतो. मी स्वभावानं पसाऱ्यातला माणूस. माझ्या टेबलावर कागद, स्क्रू, कालचा कप असं सगळं गुण्यागोविंदानं नांदतं आणि मला हवं ते मला बरोबर सापडतं. नीटताईंच्या टेबलावर एक पेन, एक वही आणि चष्म्याचं घर, एवढंच. काचेपलीकडच्या प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कागदी पट्टी चिकटवलेली आहे, आणि वायर कुठून आली, कुठे जाते ते तिच्यावर गोल अक्षरात लिहिलेलं आहे. पहिल्या वर्षी मला या पट्ट्यांचा भयंकर राग यायचा. पुढे एकदा त्यांच्यामुळे दिवसभराचं काम दहा मिनिटांत झालं आणि राग गेला, पण तसं मी ताईंना कधी सांगितलं नाही.

विसाव्या वर्षी त्या इथे लागल्या त्या तळघरातल्या रेकॉर्डरूममध्ये, फायली काढून द्यायला. पुढे पेशंटच्या नोंदी, डोळ्यांचे फोटो, चष्म्याचे नंबर सगळं कॉम्प्युटरवर गेलं आणि रेकॉर्डरूमच्या पाच जणांना सांगण्यात आलं की आता तुमचं काही काम उरलेलं नाही. चौघं गेले. नीटताई तीन जिने चढून वर आल्या आणि तेव्हाच्या साहेबांना त्यांनी विचारलं, “या फायली रात्री कुठे ठेवता?” साहेब हसले. म्हणाले, ठेवायच्या कुठे, त्या मशीनमध्येच असतात. त्यावर ताईंनी दुसरा प्रश्न टाकला, “आणि मशीनलाच काही झालं तर?” साहेबांचं हसू मावळलं. अशा रीतीनं आमच्या दवाखान्यात बॅकअप सुरू झाला, आणि ज्यांनी विचारलं त्यांच्याच गळ्यात तो पडला. तोवर ताईंनी माउसला हातही लावला नव्हता. मला जे येतं त्यातलं निम्मं मी कॉलेजात शिकलो. उरलेलं, म्हणजे जे कामाला येतं ते, त्यांच्याकडून.

बॅकअप म्हणजे काय ते सांगून टाकतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. आमच्या त्या एका लोखंडी मशीनच्या पोटात बावीस मशीन राहतात. त्यांना स्वतःचं अंग नाही. एका इमारतीत बावीस बिऱ्हाडं राहावीत तशी ती राहतात. एकात पेशंटच्या नोंदी, एकात डोळ्यांचे फोटो, एकात औषधांचा साठा. आम्ही त्यांना व्हीएम म्हणतो. या सगळ्यांची नक्कल रात्री अकरापासून पलीकडच्या इमारतीतल्या दुसऱ्या मशीनवर जायला लागते. रविवारी दवाखाना बंद असतो, म्हणून शनिवारी रात्री सगळंच्या सगळं जातं आणि त्याला बारा-तेरा तास लागतात. इतर दिवशी आदल्या रात्रीपासून जेवढं बदललं तेवढंच न्यायचं. आता बदललं हे ओळखायचं कसं? बॅकअप काही फाइल उघडून वाचत बसत नाही. डिस्क म्हणजे लाखो खणांचं कपाट समजा. ज्या खणाला काल रात्रीनंतर हात लागला, तो खण उचलायचा. बाकीच्यांकडे बघायचंही नाही. म्हणून रोजचं काम तीन तासांत, रात्री दोनपर्यंत आटपायचं.

आणि त्या वहीबद्दल. मशीनमध्ये कुणीही काहीही बदल केला की वहीत एक ओळ लिहायची, तारीख, वेळ, काय केलं, का केलं आणि सही. एखादी तार हलवली तरी ओळ. “वहीत नाही ते झालंच नाही,” असं ताई म्हणतात. सुरुवातीला मी कुरकुर केली, मग सवय झाली. अकरा वर्षांत मी एकही ओळ चुकवली नव्हती.

या वर्षी बॅकअप रेंगाळायला लागला. आधी दोनचे तीन झाले, मग चार, मग सहा. चार महिन्यांत गाडं सकाळी दहावर गेलं. दवाखाना आठला उघडतो. बॅकअप मशीन उपसत असतानाच खाली डॉक्टर पेशंटचा फोटो उघडायला जायचे आणि फोटो काही केल्या उघडायचा नाही. डोळ्यांत औषध घातलेली माणसं बाकांवर डोळे मिटून बसून राहायची. त्यांच्याबरोबर आलेली माणसं खिडकीवर भांडायची, खिडकीवरची बाई फोन उचलून मला झापायची. ‘सिस्टिम स्लो आहे’ हे वाक्य मला दिवसातून चाळीस वेळा ऐकायला मिळत होतं. ते वाक्य मला मुळीच आवडत नाही. पोट दुखतंय म्हणणाऱ्याला निदान कुठे ते तरी सांगता येतं.

मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बोलावून घेतलं. चांगला माणूस, पण त्यांचा हात एका मिनिटात डोळ्यात शिरून बाहेर येतो, त्यामुळे जगातली सगळी कामं तेवढ्यात व्हावीत असं त्यांना वाटतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत हे सुटलं नाही, तर बॅकअपचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं जाईल. मी कॉम्प्युटरकडेच राहीन. नीटताईंना खालच्या चौकशीच्या खिडकीवर बसवण्यात येईल. पगार तोच राहील.

खोलीत आल्यावर ताई स्वेटरची बटणं लावता लावता म्हणाल्या, “मला लोकांशी गोड बोलता येत नाही रे. त्या खिडकीवर मी काय करू?” मग थोड्या वेळानं, स्वतःशीच, “आणि नक्कल उघडते की नाही ते कोण बघेल?” दर महिन्याला त्या कुठलातरी एक फोटो नकलेतून परत आणून उघडून बघतात. दोन्ही फोटो शेजारी ठेवतात आणि चष्मा कपाळावर चढवून बारीक शिरान्‌शीर ताडून पाहतात. त्रेपन्न वर्षांच्या बाईकडून कुणी तिची खुर्ची काढून घेतंय याचा मला फार राग आला. पंधरा दिवस होते. आम्ही पदर खोचून, म्हणजे त्यांनी पदर खोचून आणि मी बाह्या सरसावून, कामाला लागलो.

आधी वायरी. एखादी खराब झाली की तिचा वेग दहापट उतरतो. सगळ्या तपासल्या, ठणठणीत होत्या. मग पलीकडच्या इमारतीतलं मशीन भरून गेलंय का ते पाहिलं. निम्मं रिकामं होतं. कुणी एखादं व्हीएम सुधारण्याआधी त्याची जुनी अवस्था धरून ठेवली आणि ती सोडायची विसरली, तर त्याचंही ओझं होतं. तशा दोन सापडल्या, सोडल्या, पण फरक कवडीचा पडला नाही. व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम त्याच वेळी चालतो का? नाही. दोन व्हीएमचे बॅकअप एकमेकांच्या अंगावर येतात का? वेळा बदलून पाहिल्या, उलट आणखी वीस मिनिटं वाढली. मधे बाहेरच्या कंपनीचा माणूस येऊन गेला. चकचकीत बूट, हातात पातळ लॅपटॉप. दहा मिनिटं काचेतून बघून म्हणाला, मशीन जुनं झालंय, नवं घ्या. ताईंनी त्याला चहा विचारला. मी तोही विचारला नसता.

शेवटच्या आठवड्याआधीच्या रविवारी ताईंनी मला घरी बोलावलं. चार महिन्यांचे सगळे बॅकअप-रिपोर्ट त्यांनी छापून आणले होते आणि ते त्यांना एका टेबलावर मांडून बघायचे होते. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांच्या यजमानांचं घड्याळ दुरुस्तीचं टेबल. त्या माझ्या ताई, म्हणून ते भाऊजी, आणि त्यामुळे मी त्यांचा मेहुणा. थट्टेचा हक्क दोन्ही बाजूंनी बजावला जातो. “या मेहुणे, आज बायकोनं सुट्टी दिली वाटतं,” असं म्हणून त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं.

रिपोर्टांवर ताईंनी लाल पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. प्रत्येक दिवशी बॅकअप किती वाजता संपला, त्याच रकान्यावर. त्या चहा करायला आत गेल्या आणि मी कागद चाळत बसलो. माझी नजर, आळशी माणसाची भटकावी तशी, शेजारच्या रकान्यावर गेली. तिथे किती माल उचलला ते लिहिलेलं असतं. चार महिन्यांपूर्वी रोज जेवढा जायचा, त्याच्या जवळजवळ चौपट जात होता. मी वेग काढून पाहिला. कमी तर नव्हताच, जरा जास्तच होता. म्हणजे बॅकअप हळू चालतच नव्हता. तो बिचारा पहिल्यापेक्षा जोरात धावत होता, आणि आम्ही सगळे दहा दिवस घड्याळाकडे बघत होतो, त्याच्या पाठीवरच्या ओझ्याकडे कुणीच पाहिलं नव्हतं. पण दवाखान्यात पेशंट तेवढेच आणि फोटोही तेवढेच. मग रोज एवढ्या खणांना हात लावतंय कोण?

भाऊजी टेबलाच्या एकामागून एक ड्रॉवर उघडत होते. काय शोधताय विचारलं, तर म्हणाले, बारीक चिमटा. काल रात्री ताईंनी त्यांचं टेबल आवरलं होतं.

“कशालाही हात लावला की सगळं हलतं,” ते म्हणाले. “वस्तू त्याच असतात बरं का. एक हरवत नाही. पण ती आवरते आणि मी सकाळी पहिल्यापासून सगळं घर धुंडाळतो. पंचवीस वर्षं हेच चाललंय.”

माझ्या हातातला कागद तसाच राहिला. आतून ताईंचा आवाज आला. “चूक कुणाचीही असू दे, एकदा सापडू दे. मग बघतेच मी त्याच्याकडे.”

मी चहा प्यायलो. रिपोर्टमध्ये काही दिसत नाही म्हणालो आणि घरी आलो.

सोमवारी मी आठच्या आधीच कामावर पोचलो आणि वही काढून चार महिने मागे गेलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ओळ तिथेच होती, ताईंच्या गोल अक्षरात. ‘नोंदणीच्या मशीनवर रोज रात्री नऊला डिस्क आवरण्याचे काम सुरू केले. रोज उघडलेल्या फायली पुढे, बाकीच्या मागे. कारण, फायली लवकर उघडाव्यात.’ खाली सही. चार दिवसांनी दुसऱ्या मशीनवर, मग तिसऱ्या, असं करत बाविसाव्यापर्यंत. एका डॉक्टरांनी त्या वेळी फायली उघडायला वेळ लागतो अशी तक्रार केली होती, आणि त्या पहिल्या मशीनवर खरंच थोडा फरकही पडला होता. मग ताईंना वाटलं, एकाचं घर आवरलं तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? रोज रात्री नऊला बावीस बिऱ्हाडांत आवराआवर व्हायची. फायली त्याच, पण इकडची तिकडे जायची, लाखो खणांना हात लागायचा. अकराला बॅकअप यायचा, त्याला सगळंच बदललेलं दिसायचं, आणि तो सगळं घर पाठीवर घेऊन निघायचा. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ती ही गोष्ट. ही ओळ आम्ही दोघांनीही एवढ्या दिवसांत दहा वेळा ओलांडली असेल. आम्ही बिघाड शोधत होतो. आवरणं हा बिघाड असू शकतो, हे त्या खोलीत कुणाच्या डोक्यात येणार?

मी बावीसच्या बावीस मशीनवर आवरण्याचं काम बंद केलं. सात वाजून बावन्न मिनिटं झाली होती. मग वही समोर ओढली, पेन उचललं आणि परत ठेवलं. ओळ लिहायची तर ‘का’च्या रकान्यात ताईंची चूक लिहावी लागणार होती, आणि नऊ वाजता येऊन त्या ती वाचणार होत्या. ज्या बाईनं मला नीट शिकवलं, तिला मी दाखवायचं की तुमच्या नीटपणानंच हे झालं? मी स्वतःला सांगितलं की हे त्यांच्यासाठी करतोय. वही मिटून जागेवर ठेवली. अळीमिळी गुपचिळी.

मंगळवारी सकाळी रिपोर्ट आला. बॅकअप रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी संपला होता. खाली फोटो टपाटप उघडत होते, खिडकीवरच्या बाईनं फोन करून आजारी आहात का असं मला विचारलं. मला वाटलं ताई आनंदानं उडी मारतील. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि विचारलं, “का?”

मी म्हणालो, आपण इतकं काय काय केलं, त्यातलं काहीतरी लागू पडलं असेल. नाहीतर आपोआप सुधारलं असेल.

“आपोआप बिघडतं,” त्या म्हणाल्या. “सुधारत नाही.”

मंगळवार आणि बुधवार त्या कारण शोधत राहिल्या. जिंकलेली लढाई त्या पुन्हा लढायला बसल्या होत्या. एकेका गोष्टीवर टिक करत होत्या आणि मी शेजारी बसून चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते अनुभवत होतो. त्यांनी पान उलटलं की मी उगाच चहा आणायला उठायचो, रात्री ताटही अर्धवट सोडायचो. घरी बायको म्हणाली, तब्येत दाखवून घ्या.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीआधी त्यांनी स्वतःचा स्क्रीन माझ्याकडे वळवला. तपासण्याच्या यादीत शेवटची गोष्ट त्यांनी स्वतःचीच ठेवली होती, आवरण्याचं काम. ते बंद होतं. बंद कधी आणि कुणाच्या लॉगिननं केलं, तेही खाली होतं. सोमवार, सात बावन्न, आणि माझं नाव, बावीस वेळा.

“तुला कधी कळलं?”

“रविवारी.”

“माझ्या घरी?”

मी मान हलवली. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. मला वाटलं मला बोलतील, पण त्या बोलल्या ते वेगळंच. “चार महिने,” त्या म्हणाल्या. “डोळ्यांत औषध घालून लोक खाली बाकावर बसून राहिले, ते माझ्या टापटिपीपायी.” त्यांचा आवाज फाटला. अकरा वर्षांत तो मी असा कधी ऐकला नव्हता, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मी मूर्खासारखा समजूत घालायला लागलो. म्हणालो, ताई, आता सगळं सुरळीत चालू आहे. उद्या बैठकीत फक्त आकडे दाखवा, कारण कुणी विचारणारही नाही. काम तुमच्याकडे राहील.

“आणि रोज सकाळी या खुर्चीत मी कशी बसू?” त्यांनी विचारलं. “मला का नाही सांगितलंस तू?”

“तुम्हाला लागेल म्हणून.”

“लागू दे ना. मला लागू द्यायचं नाही हे तू कोण ठरवणार?”

त्यांनी वही उघडली, गुरुवारच्या तारखेखाली आपली चूक पाच ओळींत लिहिली आणि सही केली. सोमवारचं पान काढून माझ्यापुढे सरकवलं. तुझं तू लिही, म्हणाल्या, आणि डबा घेऊन खाली गेल्या. मी लिहिलं नाही. उद्या लिहू म्हणालो, मनातल्या मनात.

शुक्रवारी दहा वाजता मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत आम्ही दोघं, दवाखान्याचे व्यवस्थापक आणि तो चकचकीत बूटवाला बसलो. ताई उभ्या राहून बोलल्या. बॅकअप आता दोनला संपतो. तो लांबला होता कारण मी रोज रात्री सगळ्या मशीनवर फायलींची आवराआवर लावली होती. त्यानं बॅकअपला सगळंच बदललेलं दिसतं हे मला माहीत नव्हतं, पण माहीत करून घ्यायला हवं होतं. चूक माझी. बस्स, एवढंच. बूटवाला खाली बघून हसला. नवं मशीन घ्या म्हणणारा माणूस कशाला हसतोय, असं मला फार वाटलं.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, “शोधून कुणी काढलं?”

“यानं,” ताई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. मी लपवलं हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही.

“मग प्रश्नच मिटला,” मोठे डॉक्टर म्हणाले. बाहेर द्यायची गरज नाही, यांनाच बॅकअप सांभाळू द्या, आणि बाईंना सोमवारपासून खिडकीवर घ्या. व्यवस्थापकांनी लिहूनसुद्धा घेतलं. नीटताईंनी मान डोलावली आणि पदरानं चष्मा पुसायला घेतला. ज्या खुर्चीसाठी मी खोटं बोललो, ती खुर्ची त्यांच्याखालून काढून मलाच देण्यात येत होती, आणि तिथे गप्प राहिलो असतो तर मला ती मिळालीही असती. खरं सांगतो, एक क्षणभर मी गप्प राहिलो. तेवढ्यात मनात काय काय आलं ते मला आठवतंय, आणि त्यातलं सगळंच सांगण्यासारखं नाही.

मग मी उभा राहिलो. “डॉक्टर, शोधलं मी, पण दडवलंही मीच,” मी म्हणालो. “काम सोमवारी गुपचूप बंद केलं आणि वहीत लिहिलं नाही. त्या तीन दिवस कारण शोधत होत्या आणि मी शेजारी बसून बघत होतो. त्यांची चूक पहिल्या दिवसापासून त्यांच्या सहीनं लिहिलेली आहे, म्हणून तर मला सापडली. माझी कुठेच लिहिलेली नाही. उद्या बॅकअप माझ्याकडे दिला आणि माझं काही चुकलं, तर ते तुम्हाला कधीच सापडणार नाही.”

मोठ्या डॉक्टरांनी वही मागितली. ती सावकाश चाळली, ताईंची चार महिन्यांपूर्वीची ओळ वाचली, गुरुवारच्या पाच ओळी वाचल्या, मग सोमवारच्या कोऱ्या पानावर थांबले. जगातली सगळी कामं एका मिनिटात उरकणारा तो माणूस त्या पानाकडे बराच वेळ बघत राहिला. शेवटी वही मिटून त्यांनी ती ताईंच्या हातात दिली. “बॅकअप तुमच्याकडेच राहील,” म्हणाले. मग माझ्याकडे न बघता व्यवस्थापकांना म्हणाले, “यांना लेखी समज द्या.”

अकरा वर्षांतली ती पहिली समज. मी ती घडी करून पाकिटात ठेवली आणि वर येऊन सोमवारचं पान भरलं. ‘का’च्या रकान्यात लिहिलं, ‘ताईंना कळू नये म्हणून.’ त्यांनी ते वाचून वही जागेवर ठेवली. शुक्रवार आणि शनिवार आम्ही कामापुरतं बोललो. वायर दे, पासवर्ड टाक, जरा सरक. मला वाटलं आता हे असंच राहणार. काम वाचलं, पण मधलं काहीतरी गेलं.

सोमवारी मी आलो तेव्हा त्या आधीच येऊन बसल्या होत्या. रात्रीचा रिपोर्ट वाचून झाला होता. मी माझ्या पसाऱ्यात हात घातला, तर त्या म्हणाल्या, “इकडे ये.”

मी गेलो.

“मी रविवारभर विचार केला,” त्या म्हणाल्या. “तू माझी चूक मला सांगायला घाबरलास. मशीनला घाबरला नाहीस, मोठ्या डॉक्टरांना नाहीस, मला घाबरलास. अकरा वर्षं शेजारी बसून. म्हणजे मी तुला तसंच वागवलं असणार.” त्यांनी समोरची वही बाजूला सारली. “ही माझी दुसरी चूक. हिच्यापुढे ती बावीस मशीनवरची काहीच नाही.”

नाही हो ताई, असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी ते ऐकून घेतलं नाही. बाजूचं स्टूल पायानं माझ्याकडे सरकवलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“बस. अजून काय काय सांगायचं राहिलंय तुझं?”

मी बसलो. सगळ्यात लहान गोष्टीपासून, वायरींवरच्या पट्ट्यांपासून, सुरुवात केली. संपायला साडेअकरा वाजले.